हवा हटवा, पाणी हलवा

घरच्या फ्रीझरमध्ये साधारण उणे १८ अंश सेल्सिअस तापमान असतं. बर्फ घातलेलं साधं पाणी शून्याच्या खाली उतरत नाही. तरीही उन्हातून आणलेला शीतपेयाचा कॅन फ्रीझरमध्ये पिण्याजोगा गार व्हायला पाऊण-एक तास लागतो, आणि तोच कॅन बर्फाच्या पाण्यात बुडवून फिरवत राहिलं तर पाचेक मिनिटांत गार होतो. उणे अठरा मागे पडतं आणि शून्य पुढे जातं. हे का होतं, ते एकदा नीट समजून घेतलं तर मे महिन्यातल्या भर दुपारी दारात आलेल्या पाहुण्यासमोर कोमट सरबताचा पेला ठेवण्याची वेळ येत नाही.

कारण सोपं आहे. फ्रीझरमध्ये बाटलीच्या अंगाला हवा लागते, बादलीत पाणी लागतं. उष्णता वाहून नेण्याच्या कामात हवा फार दुबळी आहे. स्थिर पाणी हे काम हवेच्या वीसपटींहून अधिक चांगलं करतं, आणि पाणी हलतं ठेवलं तर बाटलीतून उष्णता ओढून घेण्याचा वेग फ्रीझरमधल्या स्तब्ध हवेच्या पन्नासपटीच्याही पुढे जाऊ शकतो. म्हणून घाई असेल तेव्हा घरातली सर्वांत थंड जागा शोधत बसू नये. बाटलीच्या अंगाला काय लागतंय आणि ते हलतंय का, एवढं पाहावं. पुढचे सगळे उपाय याच दोन प्रश्नांतून निघतात.

बादली, बर्फ आणि मूठभर मीठ

बाटली मानेपर्यंत बुडेल असं खोलगट पातेलं किंवा लहान बादली घ्या. अर्धी बर्फानं भरा आणि बर्फ सैल होऊन तरंगू लागेल इतकं पाणी ओता. बरेच लोक पाणी घालतच नाहीत. नुसत्या बर्फात बाटली खुपसून ठेवतात आणि वीस मिनिटांनी ती वरवर गार, आत कोमट निघाली की बर्फाला दोष देतात. बर्फाचा खडा बाटलीला एखाद-दुसऱ्या ठिकाणीच टेकतो, बाकी सगळीकडे हवाच असते. पाणी घातलं की ही फट भरते आणि बाटलीचा कण न् कण शून्य अंशाला भिडतो.

आता बाटली फिरवा. बुडवून ठेवलेल्या बाटलीभोवती थोड्याच वेळात कोमट पाण्याचा एक पातळ थर तयार होतो आणि तो पुढच्या गारव्याला अडवतो. आतही तीच गत असते: काचेलगतचं पेय गार होतं, मधलं तसंच राहतं. बाटली स्वतःभोवती फिरवली की बाहेरचा थर मोडतो आणि आतलं पेय ढवळलं जातं. कॅन असेल तर तो बर्फावर आडवा ठेवून तळहातानं पुढेमागे लाटत राहा. सोड्याचं पेय फसफसेल या भीतीनं अनेक जण हात आखडता घेतात, पण संथपणे स्वतःभोवती फिरवल्यानं गॅस उसळत नाही. उसळतो तो वर-खाली हलवल्यानं. गार झाल्यावर मिनिटभर शांत उभा ठेवा आणि मग उघडा. काही हौशी मंडळी कॅनचं बूड बॅटरीवर चालणाऱ्या ड्रिलला जोडून तो बर्फपाण्यात फिरवतात. वेग कमी ठेवला तर दोन-तीन मिनिटांत काम होतं. वायरचा ड्रिल मात्र पाण्यावर कधीही धरू नका.

मीठ टाकलं की काय होतं, हे कुल्फीवाल्याच्या मटक्यानं आणि हातानं फिरवायच्या पॉट आइस्क्रीमच्या भांड्यानं आपल्याला केव्हाच दाखवून ठेवलं आहे. मिठामुळे बर्फ शून्याच्या खालच्या तापमानालाही वितळत राहतो आणि वितळण्यासाठी लागणारी उष्णता त्याच मिश्रणातून खेचून घेतो, त्यामुळे मिश्रण आणखी गार होतं. मीठ आणि बर्फाचं प्रमाण पुरेपूर जुळलं तर हे मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत जाऊ शकतं. कुल्फी गोठवायला बर्फाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं मीठ लागतं, कारण तिथे दूध घट्ट करायचं असतं. सरबताला एवढ्याची गरज नाही. किलोभर बर्फ आणि लिटरभर पाण्यात दोनशे ग्रॅम जाडं मीठ घातलं की उणे सहाच्या आसपासचं पाणी मिळतं. त्याहून जास्त मीठ घातलंत तर पेयाच्या कडेला बर्फाचा पापुद्रा धरू लागेल.

एक-दोन गोष्टी सांभाळा. मिठाच्या बर्फपाण्यात हात बुडवून ठेवू नका, मुलांना तर अजिबात ठेवू देऊ नका. शून्याखालचं पाणी कातडीला इजा करतं. कॅन बाहेर काढल्यावर तोंडाशी साध्या पाण्यानं धुवा, नाहीतर पहिला घोट खारट लागेल. आणि उरलेलं पाणी कुंडीत ओतू नका. तुळशीचं रोप एवढं मीठ सोसत नाही.

बर्फ सहज मिळत नव्हता त्या काळातही हा विचार आपल्या देशात होता. अबुल फझलच्या ‘आइने अकबरी’त अकबराच्या आबदारखान्यातली, म्हणजे पिण्याचं पाणी सांभाळणाऱ्या खात्यातली पद्धत नोंदवली आहे. शेरभर पाणी चांदीच्या किंवा तशाच दुसऱ्या धातूच्या सुरईत भरून तिचं तोंड बंद करायचं. दुसऱ्या भांड्यात पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा टाकायचा आणि सुरई त्यात सुमारे पाव तास फिरवत राहायची. बंदुकीच्या दारूत पडणारा सोरा पाण्यात विरघळताना उष्णता शोषतो. मला या नोंदीत सोऱ्याइतक्याच मोलाच्या वाटतात त्या आणखी दोन गोष्टी: भांडं धातूचं आहे आणि ते सतत फिरवलं जातंय. चारशे वर्षांपूर्वीच्या आबदारांना स्पर्शाचं आणि हालचालीचं महत्त्व पक्कं ठाऊक होतं.

भांड्याचा मुद्दा आपल्यालाही लागू आहे. ॲल्युमिनियमचा कॅन सर्वांत लवकर गार होतो. स्टीलचा डबा त्याच्या मागोमाग, कारण त्याचा पत्रा पातळ असतो. प्लास्टिकची बाटली त्यानंतर, आणि जाड काचेची बाटली सर्वांत शेवटी. काचेतून उष्णता सावकाश जाते आणि काचेला स्वतःलाही गार करावं लागतं. म्हणून घरी केलेलं सरबत काचेच्या जगमध्ये गार करत बसू नका. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ओता, डबा बर्फपाण्यात फिरवा आणि वाढताना जगमध्ये काढा. त्याहून झटपट काम स्वच्छ, जाड झिप पिशवीत होतं. पिशवीत अर्धा लिटर सरबत भरून हवा काढून टाका, ती मिठाच्या बर्फपाण्यात आडवी बुडवा आणि बाहेरून हलकेच दाबत राहा. पेयाचा थर पातळ असतो आणि दोन्ही बाजूंनी गार पाणी लागतं, त्यामुळे दोन-तीन मिनिटं पुरतात. कोकम, लिंबू, ताक अशा आंबट गोष्टी तांब्या-पितळेच्या भांड्यात मात्र ठेवू नयेत. कल्हई उडालेली असेल तर आंबटपणामुळे धातू पेयात उतरतो.

पाणी घालायचंच आहे, तर बर्फाच्या रूपात घाला

आपली उन्हाळी पेयं बाटलीबंद नसतात. पन्हं, कोकम सरबत, लिंबू सरबत, मठ्ठा या सगळ्यांत आपण स्वतः पाणी घालतो. इथे एक साधा हिशेब फार उपयोगी पडतो, आणि तो स्वयंपाकघरात लिहून ठेवण्याजोगा आहे. एक ग्रॅम पाणी एका अंशानं गार करायला एक कॅलरी उष्णता काढावी लागते. एक ग्रॅम बर्फ नुसता वितळतानाच ८० कॅलरी शोषून घेतो. त्यामुळे ३२ अंशांचं एक लिटर पेय ८ अंशांवर आणायला पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास बर्फ लागतो. भांडं आणि भोवतालची उष्णता धरून तीनशे घ्या. म्हणजे साधारण एक ट्रे.

आता पन्ह्याचं उदाहरण घ्या. नेहमीच्या पद्धतीनं एक लिटर पन्हं तयार करून त्यावर बर्फ टाकला तर ते सव्वा लिटर होतं आणि पांचट लागतं. म्हणून पाहुणे पेला अर्धा ठेवून उठतात. त्याऐवजी गर, गूळ, मीठ आणि वेलदोडा थोड्याच पाण्यात एकजीव करून दाट ठेवा, आणि जे पाणी पुढे घालायचं आहे त्यातलं पाव लिटर बर्फाच्या रूपात टाका. ढवळा. तीन-चार मिनिटांत बर्फ वितळतो, पन्हं गार होतं आणि चव जशी हवी तशीच राहते. गूळ किंवा साखर मात्र बर्फ टाकण्याआधी पूर्ण विरघळलेली हवी. गार पाण्यात ती तळाशी बसून राहते आणि शेवटच्या पेल्यातच सगळी गोडी जाते.

बर्फ जितका बारीक तितका गारवा लवकर, कारण तेवढाच पृष्ठभाग वाढतो. इथे मिक्सर कामाला येतो. ताक, पीयूष, कोल्ड कॉफी यांत बर्फ घालून मिक्सर थांबून थांबून दोन-चार वेळा फिरवला की पेय अर्ध्या मिनिटात गार होतं, वर फेसही येतो. सलग फिरवत ठेवू नका. पात्यांच्या घर्षणानं आणि मोटरच्या उष्णतेनं पेय पुन्हा तापू लागतं, शिवाय ताकातलं लोणी सुटून वर येतं. भांड्यात आधी पेय घाला, मग बर्फ. कोरड्या भांड्यात मोठे खडे फिरवले तर पाती बोथट होतात आणि प्लास्टिकचं भांडं तडकू शकतं. मिक्सर जुना असेल तर बर्फ सुती फडक्यात गुंडाळून वरवंट्यानं चेचा. काम तेवढंच होतं.

ज्यांना पाण्याचा थेंबही वाढायला नको त्यांनी पेयाचेच खडे करून ठेवावेत. कोकम सरबत, लिंबू सरबत, काळी कॉफी आदल्या रात्री ट्रेमध्ये ओतून गोठवली की दुसऱ्या दिवशी पेयात पेयाचाच बर्फ पडतो. कोकमाचं निव्वळ आगळ मिठामुळे नीट गोठत नाही, ते पातळ करून घ्यावं. ताकाचे खडे वितळले की फुटल्यासारखे दिसतात, पण रवीनं घुसळलं की सावरतात. सोलकढी मात्र गोठवू नका, नारळाच्या दुधातली चरबी वेगळी होते आणि पुन्हा मनासारखी एकजीव होत नाही. मोठ्या पातेल्यासाठी आणखी सोपी युक्ती आहे. अर्ध्या लिटरची अरुंद बाटली बाहेरून स्वच्छ धुवून पाऊण भरा, गोठवा आणि पातेल्यात बुडवून तिनंच पेय ढवळत राहा. भारनियमनाच्या गावात अशा चार-सहा बाटल्या फ्रीझरमध्ये कायम असाव्यात. वीज गेली तरी फ्रीझर बराच वेळ गार राहतो आणि पेयाची सोयही होते.

बाहेरून लादीचा बर्फ आणणार असाल तर तो बादलीतच वापरा, पेल्यात टाकू नका. मासळी आणि इतर मालासाठी तयार होणारा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असं नाही. म्हणूनच अखाद्य बर्फात निळा रंग मिसळण्याची सक्ती २०१८ मध्ये महाराष्ट्रात झाली. पेल्यात पडणारा बर्फ उकळून गार केलेल्या किंवा शुद्ध केलेल्या पाण्याचा, घरीच केलेला असावा.

गरम पेय गार करताना

आइस टी, कोल्ड कॉफी, मस्तानीचं दूध, उकडलेल्या कैरीचा गर यांचं काम दोन टप्प्यांत करावं, आणि पहिला टप्पा फुकटातला असावा. उकळतं एक लिटर दूध ३५ अंशांवर आणण्याचं काम थेट बर्फावर टाकलं तर जवळजवळ पाऊण किलो बर्फ त्यातच संपतो. हेच काम परातीतलं साधं पाणी आणि पंखा मिळून करतात. पातेलं पाण्याच्या परातीत ठेवा, झाकण काढा, वर पंखा लावा आणि पळीनं ढवळत राहा. पाणी कोमट झालं की एकदा बदला आणि काढलेलं पाणी भांड्यांना वापरा. नळाखाली पातेलं धरून धार सोडून ठेवणं मला पटत नाही. ज्या राज्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते तिथे दूध गार करायला बादल्याच्या बादल्या सांडू नयेत.

चहा किंवा कॉफी असेल तर दोन पातेल्यांत वरून धार धरून ओतत राहा. टपरीवाला हेच करतो आणि त्यामागे चोख कारण आहे. धारेला चारही बाजूंनी हवा लागते, वाफ झपाट्यानं निघते, आणि वाफ होणारं पाणी आपल्यासोबत फार मोठी उष्णता घेऊन जातं. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साडेपाचशे कॅलरींच्या आसपास उष्णता लागते, बर्फ वितळायला लागते त्याच्या जवळजवळ सातपट. म्हणून गरम पेयावर झाकण ठेवून ‘गार होऊ दे’ म्हणणं व्यर्थ आहे. हाताला सोसेल इतकं झालं की मात्र झाकावं आणि लगेच बर्फपाण्यात न्यावं. कोमट दूध तासन्‌तास ओट्यावर ठेवलं की त्यात जंतू वाढतात. आणि उकळतं पातेलं थेट फ्रिजमध्येही ठेवू नये, शेजारचं दही, भाजी, सगळंच तापतं.

बर्फ नाही, वीज आहे: पंखा, कूलर, एसी

वाफेच्या याच ताकदीवर माठ चालतो, आणि घरातल्या पंख्याला ओलं फडकं जोडलं की तोच माठ वेगानं चालू लागतो. बाटलीवर जुन्या सुती पंचाचा तुकडा किंवा स्वच्छ सुती मोजा चढवा, भिजवा आणि टेबल फॅनच्या झोतात ठेवा. फडकं सुकू देऊ नका. अर्ध्या-पाऊण तासात बाटली जितकी गार होऊ शकते तितकी होते. किती, हे तुमच्या गावच्या हवेवर ठरतं. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात ४४ अंश तापमान आणि हवेत जेमतेम १५ टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फडक्याखालची बाटली २३-२४ अंशांपर्यंत उतरू शकते. म्हणजे वीस अंशांची घट, एक तुकडाही बर्फ न लावता. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर तीच बाटली २८ च्या खाली जायचं नाव घेत नाही. विदर्भ, मराठवाडा, खानदेशात हा उपाय जरूर करा. किनाऱ्यावर त्यात वेळ घालवू नका.

विदर्भात घरोघरी कूलर असतो आणि त्याच्या टाकीतलं पाणी सतत ताट्यांवरून फिरून गार झालेलं असतं, त्यामुळे तिथे बाटली टाकण्याचा मोह होतो. पण तो टाळावा. टाकीत विजेचा पंप असतो, बाहेरचा पत्रा लोखंडी असतो, आणि कूलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. पाणी भरायचं असो की काही काढायचं असो, आधी प्लग ओढून काढल्याशिवाय टाकीला हात लावू नये. आणि खरं तर त्याची गरजही नाही. कोरड्या हवेत टेबल फॅनसमोरचं ओलं फडकं बाटलीला जवळजवळ त्याच तापमानापर्यंत नेतं, जिथे कूलरचं पाणी पोचलेलं असतं.

एसीचं गणित याहून बरं आहे. त्याच्या तोंडातून येणारी हवा साधारण १२-१४ अंशांची, कोरडी आणि वेगवान असते. खिडकीतल्या एसीसमोर स्टूल ठेवून त्यावर ओल्या फडक्यातली बाटली झोतात उभी केली तर पंचवीस-तीस मिनिटांत पाणी छान गार होतं. किनाऱ्यावरच्या लोकांसाठी ओल्या फडक्याची युक्ती चालते ती इथेच. स्टूल जरा पुढे ठेवा म्हणजे पाण्याचे थेंब यंत्रात जाणार नाहीत. भिंतीवर उंच लावलेल्या एसीपाशी काही बांधून लटकवण्याचा खटाटोप करू नका.

पन्नास जणांसाठी वॉशिंग मशीन

घरी साखरपुडा आहे, बाळाचं बारसं आहे, बाटल्या पन्नास आहेत आणि फ्रिज आधीच भरलेला आहे. अशा वेळी सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनचा धुण्याचा टब ही घरातली सर्वांत मोठी, सरळ उभी आणि तळाशी पाणी सोडण्याची सोय असलेली बादली असते. मशीन दोनदा साध्या पाण्यानं खळबळून साबणाचा अंश काढून टाका. प्लग काढा आणि वायर गुंडाळून बाजूला ठेवा. बाटल्या रचा, वर बर्फ ओता आणि शेवटी पाणी घाला.

पाणी किती घालायचं, यात सगळं आहे. २५० मिलीच्या पन्नास बाटल्यांमध्ये साडेबारा लिटर पेय असतं. ते ३२ वरून ८ अंशांवर आणायला पावणेचार किलो बर्फ पुरतो. पण त्यात पंधरा लिटर पाणी ओतलंत तर ते पाणी गार करायलाच आणखी साडेचार-पाच किलो बर्फ खर्च होतो. म्हणून बाटल्यांमधल्या फटी भरतील इतकंच, म्हणजे आठ-दहा लिटर पाणी घाला आणि एकूण दहा किलो बर्फाची तयारी ठेवा. दर पाच मिनिटांनी हातानं खालच्या बाटल्या वर आणि वरच्या खाली करा. वीस मिनिटांत वाढायला घेता येतील. मशीन चालू करून पाणी फिरवण्याचा विचार मनातही आणू नका, काचेची एक बाटली फुटली तरी टब आणि पाहुणे दोन्ही धोक्यात येतील. इथे मीठही नको, धातूचे भाग गंजतात. कार्यक्रम संपला की निचऱ्याचा खटका फिरवला की पाणी निघून जातं. बंद झाकणाच्या बाटल्या आणि कॅन एवढंच या टबात ठेवावं, आणि उघडण्याआधी प्रत्येकाचं तोंड पुसून घ्यावं. फुल्ली ऑटोमॅटिक टॉप लोड मशीनमध्येही हे जमतं, पण तिथे पाणी काढायला सगळ्या बाटल्या बाहेर काढून मगच मशीन लावावं लागतं. समोरून उघडणाऱ्या मशीनचा इथे उपयोग नाही.

फक्त फ्रीझरच हाताशी असेल तर

तिथेही हवा हटवण्याचाच प्रयत्न करा. एका दाराच्या फ्रिजमध्ये फ्रीझरचा तळ आणि भिंती हीच गारव्याची उगमजागा असते. बाटली उभी न ठेवता आडवी, तळाला चिकटून ठेवा. स्टीलच्या ताटलीत बोटाच्या पेराएवढं पाणी घालून आधीच गोठवलेलं असेल तर बाटली त्यावर ठेवा, वितळणारं पाणी दोघांमधली फट भरून काढतं. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये आत पंखा असतो, म्हणून बाटली गार हवेच्या झरोक्यासमोर मोकळी ठेवा, मटारच्या पिशव्यांमागे दडवू नका. बाटलीला ओला कागद गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवण्याची युक्ती फार सांगितली जाते. सुरुवातीच्या काही मिनिटांत थोडा फायदा होतो, नंतर त्या कागदातलं पाणी गोठवण्यातच गारवा खर्च होतो. माझं मत विचाराल तर तेवढ्या वेळात बादली भरावी.

काचेची बाटली फ्रीझरमध्ये ठेवली की मोबाइलवर चाळीस मिनिटांचा गजर लावा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि काच ते सहन करत नाही. सोड्याचे कॅन तर विसरले की फुटतातच.

काही गोष्टी कितीही चमकदार वाटल्या तरी करू नयेत. कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक नळकांडं बाटलीवर मारलं की ती गार होते हे खरं. बाहेर पडणारा पांढरा भुगा उणे ७८ अंशांचा असतो. पण बंद खोलीत तो वायू श्वास कोंडतो, कातडी भाजते, आणि ज्या दिवशी खरोखर आग लागेल त्या दिवशी नळकांडं रिकामं असतं. कॉम्प्युटर साफ करायच्या फवाऱ्याचा डबा उलटा धरून गारवा मारण्याचा प्रकारही तसाच, त्यातला वायू पुष्कळदा ज्वलनशील असतो. शेतकरी घरांत युरिया असतो, आणि पाण्यात विरघळताना तोही सोऱ्यासारखाच गारवा देतो. पण खताचं पाणी पिण्याच्या भांड्यांजवळ नकोच, आणि ते गुराच्या तोंडी गेलं तर जनावर दगावू शकतं.

शेवटी चवीबद्दल. जीभ गार पेयातली गोडी कमी ओळखते. कोमट असताना नेमकं गोड लागलेलं पन्हं ८ अंशांवर फिकं वाटतं, आणि ताकातलं मीठ-जिरंही दबतं. ताक, मठ्ठा, सोलकढी यांना १२ अंशांच्या आसपास ठेवलं तर त्यांचा वास आणि आंबटपणा टिकतो. लिंबू आणि कोकम सरबत त्याहून गार चालतं. तेव्हा साखर-मीठ आधी हात राखून घाला, पेय हवं तेवढं गार होऊ द्या, मग चमच्यानं चव घ्या. कमी वाटलं तर साखर तशीच टाकू नका, ती विरघळणार नाही. वाटीभर दाट पाक बाजूला काढून ठेवलेला असेल तर त्यातला एखादा चमचा घालून ढवळा आणि पेले भरा.